हवेत राहिलेले हात

नोव्हेंबरमधली गोष्ट, ख्रिस्तराजाच्या सणाचा रविवार. सकाळी आठची मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली आमची सामुदायिक उपासना, नाशिकमध्ये थंडी पडायला लागलेली, चर्चच्या दाराशी चपला काढल्या की फरशीचा गारवा तळपायातून गुडघ्यापर्यंत चढतो तशी सकाळ. त्या दिवशी पहिलं वाचन माझ्याकडे होतं, बायबलातल्या यहेज्केलच्या पुस्तकातलं, देव म्हणतो मी माझी हरवलेली मेंढरं स्वतः शोधून आणीन ते, आणि शनिवारी रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर मी ते तीनदा मोठ्यानं वाचून बघितलं होतं, कारण वाक्यं लांबच लांब आहेत आणि मध्येच श्वास संपला की अर्थ तुटतो. वाचन चांगलं झालं. त्या समाधानातच मी बाकावर येऊन बसले आणि बहुतेक पुढची सगळी मिस्सा त्याच समाधानात होते. मग फादर म्हणाले एकमेकांना शांती द्या. मी हात जोडले, उजवीकडे मान लववली, मागे वळून लववली, आणि डावीकडे वळले तर शेजारच्या म्हाताऱ्या मावशींचे हात माझ्याकडे आलेले. दोन्ही हात, ओंजळ जराशी उघडावी तसे, म्हणजे मी माझे हात त्यांत द्यायचे. आणि मी काय केलं, तर हात जोडलेलेच ठेवले, हसले, आणि पुढच्या बाकावरच्या ओळखीच्या जोडप्याकडे वळले. परत बघितलं तेव्हा ते हात अजून तिथेच होते. मग सावकाश खाली गेले, पदरात. क्वायरनं कोकराचं गीत सुरू केलं आणि सगळे वेदीकडे वळले.

बास, एवढंच झालं.

पण घरी येऊन कांदा चिरताना ते हात डोळ्यांपुढे, दुपारी आडवी झाले तरी ते हात डोळ्यांपुढे. मी काही मुद्दाम केलं नव्हतं. हात जोडणं हे आता अंगवळणी पडलंय, विचार करून कुणी करत नाही. पूर्वी आमच्या चर्चमध्ये दोन्ही चालायचं, तरुण पोरं शेकहँड करायची, बायका बायकांचे हात धरायच्या, पुरुष नमस्कार करायचे, आणि त्या दोन मिनिटांत चर्चमध्ये लग्नघरासारखी कुजबुज व्हायची ती फादरना थांबवावी लागायची. मग २०२० च्या मार्चमध्ये कुलूप लागलं. मिस्सा मोबाइलवर, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला, आणि शांती द्या म्हटलं की आम्ही घरातलीच चार माणसं एकमेकांकडे बघायचो. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देवळं-चर्च उघडली तेव्हा बाकांवर लाल पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, दारातलं पवित्र पाण्याचं भांडं कोरडं आणि त्यात सॅनिटायझरची बाटली उभी. शांतीची खूण म्हणजे लांबूनच नमस्कार. परत बंद झालं, पुढच्या वर्षी घटस्थापनेला परत उघडलं. आता पट्ट्या निघाल्या, त्यांच्या डिंकाचे काळे डाग तेवढे बाकांवर राहिलेत. भांड्यात पाणी आलं. कुजबुजसुद्धा आली. हात मात्र पूर्वीसारखे परत आले नाहीत, आणि हे माझ्या त्या रविवारपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

त्याहून जास्त टोचलं ते हे की मला त्या मावशींचं नाव माहीत नव्हतं. किती वर्षं शेजारी बसतोय आम्ही, डावीकडचा तिसरा बाक, त्या भिंतीकडच्या टोकाला आणि मी त्यांच्या शेजारी. मला त्यांचा खोकला माहीत आहे. त्यांच्या पातळाला येणारा डांबरगोळीचा आणि बामचा मिसळलेला वास माहीत आहे. गाण्यात त्या अर्धी मात्रा मागून येतात हे माहीत आहे, आणि ऑक्टोबरात रोजरीच्या जपमाळेनंतर लितानी, मरियामाईला तिच्या एकेका नावानं हाक मारत करायची प्रार्थना, चालू असते, सगळे मराठीत उत्तर देत असतात, तेव्हा त्या एकट्या तोंडातल्या तोंडात 'ओरा प्रो नोबिस' म्हणतात हेही. माझी आजीही तसंच म्हणायची. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली, त्यानंतर मिस्सा आपल्या भाषेत आली, पण लहानपणी जे लॅटिन कानावाटे आत गेलं ते या बायकांच्या पोटातून कुणी काढू शकलं नाही. आजीला विचारलं होतं मी एकदा, अर्थ काय गं याचा. ती म्हणाली, मरियामाईला कळतो ना, मग झालं.

एवढं सगळं माहीत आणि नाव नाही. आमच्यासारख्या छोट्या चर्चमध्ये, फार तर शंभर-सव्वाशे घरांच्या, हे कसं झालं असेल याचाच मी आठवडाभर विचार करत होते.

कारण बाकीचं सगळं मला पाठ आहे. आमचा आठवडा रविवारपासून मोजत नाहीत, शनिवारपासून मोजतात. शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला ज्या वाडीची पाळी असेल तिथल्या बायका झाडू-बादल्या घेऊन येतात, बाक एका बाजूला सरकवले की लाकूड फरशीवर घासल्याचा तो किंचाळल्यासारखा आवाज, मग ओल्या फरशीचा वास, मेणाचे ठिपके चमच्याच्या टोकानं खरवडायचे. फुलं कुणीतरी घरची आणतं, कुणी मार्केटमधून झेंडू-शेवंती. सिस्टर वेदीवरचा कपडा बदलतात, आणि कपड्याचा रंग बघून कळतं आपण वर्षात कुठे आहोत, हिरवा म्हणजे साधा काळ, जांभळा म्हणजे नाताळाआधीचा आगमनकाळ किंवा ईस्टरआधीचा उपवासकाळ, लाल म्हणजे हुतात्म्याचा दिवस किंवा पवित्र आत्म्याचा सण. लहानपणी आम्ही शनिवारी चर्चमध्ये घुटमळायचो ते कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांकडून कात्रणं मिळायची म्हणून. होस्ट, म्हणजे मिस्सेत प्रसादासारखी वाटतात ती पातळ भाकर, नुसत्या गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची, खमीर नाही, मीठ नाही, पातळ पापडासारखी भाजायची आणि मग गोल गोल कापायची, त्या गोलांच्या मधली जी जाळी उरते ती आम्हांला. तोंडात टाकली की टाळूला चिकटायची. तिला चव अशी काही नसायचीच, तरी त्यासाठी भांडणं व्हायची. आता होस्ट तयार पाकिटातून येतात आणि आमच्या पोरांना ती जाळी काय ते माहीत नाही, याचं मला जरा वाईट वाटतं. द्राक्षं मात्र अजून आहेत. जानेवारी सरला, हंगाम भरात आला की अर्पणाच्या वेळी दिंडोरीकडे बाग असलेलं आमच्यातलं एक कुटुंब पहिले घड टोपलीत घालून वेदीपाशी आणतं, आणि कपात द्राक्षांचीच वाइन असणार हे माहीत असूनही ते हिरवे घड वेदीखाली ठेवलेले बघितले की मला दरवेळी नव्यानं काहीतरी कळल्यासारखं होतं.

गुरुवारी संध्याकाळी बाळ येशूची नोव्हेना, नवसाची प्रार्थना. त्या दिवशी चर्चमध्ये जी माणसं दिसतात ती रविवारी दिसत नाहीत. कपाळाला कुंकू लावलेल्या बायका, कंपनीतून परस्पर आलेले, ॲप्रन घातलेल्या नर्सिंगच्या मुली, दाराशी मेणबत्ती लावून तिथूनच हात जोडून जाणारे रिक्षावाले. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाला मूल नाही, कुणाचा निकाल लागायचाय. फेब्रुवारीत, दुसऱ्या शनिवार-रविवारी, नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा हीच माणसं हजारपट होऊन येतात, मुंबई-वसई-गोव्याच्या गाड्या, मराठीत मिस्सा, मग इंग्रजीत, कोकणीत, तमिळमध्ये, आणि नाशिक-पुणे रस्त्याच्या कडेला मेणाचे हात-पाय, मेणाची घरं, मेणाची बाळं विकायला मांडलेली. मला यात्रा आवडते. पण यात्रा झाली की आपल्या चर्चच्या रिकाम्या बाकावर बसायला त्याहून जास्त आवडतं. शुक्रवारी, उपवासकाळात, क्रुसाची वाट, येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची चौदा स्थानकं, प्रत्येक स्थानकाला गुडघे टेकायचे आणि उठायचं, आणि म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांचे आवाज शांततेत स्पष्ट ऐकू येतात. मावशी चौदाच्या चौदा वेळा गुडघे टेकतात. मी पाहिलंय, बाकाची कड धरून, पण टेकतात.

नऊ वाजता मराठी मिस्सा सुटते आणि साडेनऊला इंग्रजी असते. मधल्या अर्ध्या तासात चहा. आम्ही बाहेर पडत असतो आणि ते येत असतात. गोव्याची, मंगळूरची, केरळची कुटुंबं, देवळालीकडची जुनी मंडळी. आमच्यातले बहुतेक मूळचे नगर जिल्ह्याचे, राहाता, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यातून आलेले. कुणाचे आजोबा प्रेसमध्ये लागले म्हणून, नोटा छापायच्या की स्टॅम्प पेपर छापायचे, सिक्युरिटी प्रेस १९२५ ची आणि नोटांची प्रेस १९२८ ची, आमची अर्धी वस्ती त्या दोन दारांनी आत आली. कुणी ओझरला विमानाच्या कारखान्यात, कुणी सातपूर-अंबडला कंपनीत. १९८७ साली पुण्यापासून वेगळा होऊन नाशिकचा धर्मप्रांत झाला, थॉमस भालेराव पहिले बिशप, आणि त्या नावातलं 'भालेराव' उच्चारताना पप्पांचा आवाज जो बदलायचा तो मी विसरलेले नाही. आपल्यातला माणूस, म्हणायचे. चहाच्या त्या अर्ध्या तासात दोन्ही मिस्सांची माणसं एकाच पातेल्याभोवती उभी राहतात, गोड बोलतात, पण ग्लास घेऊन दोन वेगळे घोळके होतात. कुणी करत नाही, होतात. हे लिहायला मला बरं वाटत नाहीये. पण आहे.

मग मला आजीची गोष्ट आठवली, आणि ते हात का डोळ्यांपुढून जात नव्हते ते तेव्हा कळलं.

आजीचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, राहुरीकडच्या एका गावाच्या महारवाड्यात राहायचे. गावात पाणी वरून ओतलं जायचं, मजुरीचे पैसे लांबून टाकले जायचे, सावलीचासुद्धा हिशोब. तेव्हा त्या भागात जेझुइट संघाचे जर्मन फादर फिरायचे, घोड्यावरून, कधी बैलगाडीतून. आजी सांगायची, की असाच एक फादर वाड्यात आला, पणजोबा सवयीनं मागे सरले, तर तो पुढे झाला आणि त्यानं पणजोबांचा हात हातात घेतला. दोन्ही हातांनी. काय बोलला ते कुणाला समजलं नाही, त्याचं मराठी तसं यथातथाच होतं. पणजोबांनी काही लगेच बाप्तिस्मा घेतला नाही, तीन-चार वर्षं गेली, शाळेच्या मास्तरांकडे धर्मशिक्षण झालं, घरात भांडणं झाली, भाऊ बोलेनासे झाले. पुढे पहिलं महायुद्ध आलं, सरकारनं जर्मन फादरांना नजरकैदेत टाकलं, परत पाठवलं, तो फादर पुन्हा कधी दिसला नाही. धर्माचं काय पटलं आणि काय नाही हे पणजोबांनी कधी कुणाला सांगितलं असं आजीला आठवत नव्हतं. हाताचं मात्र ते मरेपर्यंत सांगत राहिले. 'त्याचा हात लई गरम होता' असं.

याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला, आणि तो काही दिवसांत संपलेला नाही, वर्षानुवर्षं चालला. माझ्या घरचे लोक तेव्हा दुसऱ्या एका दारातून आत गेलेले होते. बरोबर केलं की कसं, हे मी ठरवणार नाही, माझ्या सख्ख्या मावशीच्या सासरकडचे आमचे बौद्ध नातेवाईक आणि आम्ही दिवाळीत यावर बोलतो तेव्हा आवाज चढतात आणि मग जेवायला सगळे एकत्र बसतात. पण एवढं मला नक्की कळतं, की ज्या माणसांचे हात पिढ्यान् पिढ्या कुणी धरले नाहीत त्या माणसांमध्ये कुणी दोन्ही हात पुढे केले तर ते नुसतं चालीरीतीचं नसतं. बाकावरच्या मावशी त्याच पट्ट्यातल्या, बोलण्यावरूनच कळतं. त्यांच्या घरीही असा एखादा हात कुणीतरी सांगितला असेल.

त्या गुरुवारी नोव्हेनानंतर मी फादरना विचारलं, शांतीची नेमकी खूण कोणती म्हणून. मला वाटलं होतं ते म्हणतील काहीही चालतं. ते दिवे मालवत होते, थांबले, आणि म्हणाले की १९६९ साली रोमनं भारतातल्या मिस्सेसाठी बारा गोष्टींना परवानगी दिली, आपल्याकडे चपला बाहेर काढतात, वेदीपाशी समई असते, गुडघा टेकण्याऐवजी कुणी अंजली करतं, आरती होते, हे सगळं त्यातलंच. आणि शांतीसाठी दोन पद्धती सांगितल्यात. एकमेकांना हात जोडायचे, किंवा देणाऱ्यानं आपले हात घेणाऱ्याच्या हातांमध्ये ठेवायचे. मी म्हटलं, म्हणजे ओंजळीत? ते म्हणाले हो, तसंच. मला आतापर्यंत ती मावशींची गावाकडची सवय वाटत होती. त्या तर नेमानं करत होत्या. त्यांना कुणी कधी शिकवलं असेल, कुठल्या गावातल्या कुठल्या फादरनं, पन्नास वर्षांपूर्वी, आणि बाकी सगळे विसरले तरी त्या करत राहिल्या.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेले. आगमनकाळाचा पहिला रविवार, वेदीवर जांभळा कपडा, हिरव्या फांद्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या, त्यांतली एक पेटवलेली. भिंतीकडचं टोक रिकामं. वाटलं थंडीमुळे उशीर झाला असेल. शांतीच्या वेळी मी डावीकडे वळले तर भिंत. दुसऱ्या रविवारीही तेच, दोन मेणबत्त्या आणि भिंत. या वयाच्या माणसांच्या बाबतीत मन कुठे जातं ते काय सांगायचं. मिस्सेनंतर मी दानपेटी मोजणाऱ्या काकांना विचारलं, त्यांना सगळी घरं माहीत असतात, पण विचारताना 'त्या तिसऱ्या बाकावरच्या' असं विचारावं लागलं आणि मला फार लाज वाटली. काका म्हणाले, अगं त्या ना, लेकीकडे श्रीरामपूरला गेल्यात, मोतीबिंदूचं ऑपरेशन. आणि त्यांनी नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, पण त्या दिवसापासून मला माहीत आहे.

तिसरा रविवार गुलाबी मेणबत्तीचा. मी पोहोचले तेव्हा त्या जागेवर होत्या, काळा चष्मा, काठी बाकाला टेकवलेली, अंगावर शाल. मी नावानं हाक मारली तर चकित होऊन बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता समदं दिसतंय बघ पोरी. वेदीवरची फुलं मोजाय येत्यात." मी म्हटलं आधी दिसत नव्हती? तर म्हणाल्या, "लई दीस झालं. पांढरं पांढरं दिसायचं नुसतं. तू शेजारी हायेस ते आवाजावरनं कळायचं मला. वाचतीस ना तू."

म्हणजे त्या दिवशी माझे जोडलेले हात त्यांना दिसलेच नसतील. त्या नुसत्या हात पुढे करून वाट बघत होत्या, कुणाचे तरी हात येतील म्हणून. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, की त्यांना कळलं नसेल मी काय केलं ते. बरं नाही वाटलं. मिस्साभर मी त्यांच्याकडे चोरून बघत होते आणि त्या काळ्या चष्म्यातून सगळीकडे बघत होत्या, वर पंख्यांकडे, खिडकीच्या काचांकडे, क्वायरच्या पोरांकडे, पहिल्यांदा आल्यासारख्या.

शांती द्या म्हटल्याबरोबर मी आधी डावीकडेच वळले, दोन्ही हात उघडे धरून. आणि मावशींनी हात जोडले होते. त्यांनी आजूबाजूला बघून घेतलं होतं, सगळे काय करतात ते, आणि तसंच केलं होतं, नीट, छातीशी, मान लववून. क्षणभर मला सुचेना. मग मी त्यांचे जोडलेले हात तसेच माझ्या हातांत घेतले. बोटांच्या गाठी लागत होत्या, कातडं कागदासारखं, आणि आत ऊब. कोकराचं गीत सुरू झालं, समोरचे सगळे वेदीकडे वळले. "गार पडल्यात की गं हात तुझे," मावशी म्हणाल्या, आणि आपले हात सोडवून घेऊन त्यांनी माझेच हात चोळायला घेतले, लहान पोराचे चोळतात तसे, गाणं अर्धं होईपर्यंत.